गोजरबाई दगडांच्या मुलखात

फोंतेनब्लोचं जंगल, फ्रान्स
१० एप्रिल

रामेश्वरच्या बापाला,

धावड्यात सगळे बरे असतील असं धरून लिहायला बसले. तुम्ही म्हणाल, रोज फोनवर तोंड दिसतंय तर कागद कशाला. पण त्या फोनवर बोलणं होतं का? तुम्ही फोन धरला की शेजारची आशाबाई येती, तिच्या मागं तिची सून, मंग सगळी गल्ली मला विचारती, विमानात जेवायला काय देल्तं. तुम्ही मागं उभे राहून नुसती मान हलवता. लग्न झाल्यापासून आपण कधी एकमेकाला सोडून राह्यलो न्हाई, म्हणून पत्र लिहायचा वखत आला न्हाई. सातवीपर्यंत शिकले ते आता कामाला येऊन राह्यलं.

सध्या आम्ही लेकीच्या जर्मनीतल्या घरी न्हाई. शिवकन्या, जावईबापू, आपली छकुली, त्यांचे दोन दोस्त आन् मी, असे मोठी गाडी घेऊन फिरायला निघालो. दोस्तांमधली सुमेधा पुण्याची हाय, शिवकन्याच्या पहिल्या नोकरीतली. दुसरा मातेओ. तो इटलीचा, गाडी त्याचीच. गाडीतच चूल, गाडीतच बिछाना. जावईबापू बाहेर तंबूत झोपतात.

फिरायला म्हणजे देवाला न्हाई, बाजाराला न्हाई. दगडाला. ह्या जंगलात घराएवढाले दगड पडलेत, आन् हे लोक त्याच्यावर हातापायानं चढतात. दोर न्हाई, शिडी न्हाई. खाली जाड गादी टाकायची आन् पडलं तर गादीवर पडायचं. ह्याला बोल्डरिंग म्हणतात. शिवकन्या पुण्याला असताना सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाते म्हणायची ना, ते हे. आपण समजलो फिरायला जाती.

निघायच्या आदल्या दिवशी तीर्थपुरीहून विहीणबाईंचा फोन आल्ता. केशरबाई म्हणल्या, "पाच महिन्याचं लेकरू हाय तिला. आता हे चढणंबिढणं बंद करायला सांगा. माझा रामप्रसाद तिला काही बोलत न्हाई. तुमचं ऐकंल ती." मी म्हणले, बराबर हाय तुमचं. आन् खरंच बराबर हाय. आईला काही झालं तर त्या लेकराकडं कोण बघंल?

मी दोन झाडांना माझं लुगडं बांधून छकुलीला झोळी केली. गोरे लोक येऊन बघून जातात. सुमेधानं झोळीच्या खाली पण एक गादी टाकली. मी म्हणले, आमच्याकडं एवढी लेकरं झोळीत वाढली, एक पण खाली पडलं न्हाई. तरी तिनं गादी काही उचलली न्हाई.

हे पत्र मातेओच्या फोनातनं फोटो काढून आपल्या सूनबाईच्या, दैवशालाच्या फोनावर पाठवते. त्याला मराठी येत न्हाई, म्हणून त्याच्याच हाती देते.

जेवत जा. उन्हाचं हिंडू नका.

शिवकन्याची आई

&nbsp;

धावडा
१३ एप्रिल

सौ. गोजरबाईस कडूबाचा रामराम.

पत्र पोचलं. दैवशालानं अक्षर मोठं करून देलं, बाजेवर बसून दोन डाव वाचलं. ती म्हणते मी वाचलं न्हाई, पण चुलीपाशी बसून हसत व्हती. तुला कागदावर एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. घरात तर तू मला 'जेवा' आन् 'उठा' एवढंच म्हणतीस.

इकडं सगळं बराबर हाय. ऊन लय तापून राह्यलं. बकऱ्या दुपारच्या कोठ्यातच ठेवतो. काळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटी, बोकड एक पण न्हाई. एक तर जन्मल्यापासून उड्याच मारून राह्यली, सारखी पेंडीच्या ढिगावर जाऊन उभी राहते. रामेश्वर विहिरीचा गाळ काढून घेतोय. मी त्याला म्हणलं, तुझी आई दगडं बघायला फ्रान्सला गेली, इथं विहिरीतनं निघालेली फुकट दाखवली असती. तो हसला न्हाई. त्याला कामाचं टेन्शन हाय.

मला एक सांग. दोर न बांधता चढायचं आन् वर गेल्यावर काय? वर काही हाय का? मध, मोहाळ, काही? का नुसतं वर जाऊन खाली यायचं? मी हे हसण्यावारी नेत न्हाई, मला समजून घ्यायचंय.

शिवकन्याच्या तब्येतीचं तू काहीच लिहिलं न्हाईस. फोनवर ती मला बारीक दिसली. बोलती बराबर, पण बोलणं झाल्यावर तोंड लगेच फिरवून घेती. तिच्याकडं नीट बघ.

तू न्हाईस तर घर मोठं लागून राह्यलं.

कडूबा

&nbsp;

फोंतेनब्लोचं जंगल
१७ एप्रिल

रामेश्वरच्या बापाला,

तुमचं पत्र मातेओनं फोनावर दाखवलं. शेवटची ओळ वाचली. तशा ओळी लिहीत जाऊ नका, दैवशाला वाचती.

वर काही न्हाई. मी सुमेधाला विचारलं. म्हणली, "मावशी, वर काहीच नसतं. वर गेलं की थोडा वेळ बसायचं आणि मागच्या बाजूनं उतरायचं." पावसाचा शिडकावा झाला की ही लोकं ओल्या दगडाला हात पण लावत न्हाईत. ओला असला की इथला दगड तुटतो म्हणं. मंग एवढाले शिकलेले लोक दगड वाळायची वाट बघत चहा पीत बसतात.

आता खरं ते लिहिते. परवा शिवकन्या पडली. लय उंचावरनं न्हाई, आपल्या कोठ्याच्या पत्र्याएवढ्या उंचीवरनं. गादीवरच पडली, काही लागलं न्हाई. पण पडताना जो आवाज झाला, तो माझ्या छातीत बसला. माझ्या मांडीवर छकुली व्हती. मी उठले आन् सगळ्यांच्या देखत बोलले. म्हणले, "लेकुरवाळी बाई हायेस तू. तुझं अंग आता तुझं एकटीचं न्हाई. मेलीस तर हिला काय सांगू मी?"

ती म्हणली, "डॉक्टरनं परवानगी दिलीय, आई."

मी म्हणले, "डॉक्टरला काय, दुसरा पेशंट भेटंल. हिला दुसरी आई भेटंल का?"

 मातेओला भाषा समजली नसंल, तरी तो खाली बघून गादी झटकत बसला. शिवकन्यानं पायातले ते आवळ बूट काढले, पिशवीत टाकले आन् माझ्याकडनं छकुलीला घेतलं. त्या दिवसापासून ती चढली न्हाई. बाकीचे चढतात, ती झोळी हलवत बसती. विहीणबाईंना फोन करून सांगितलं की काम झालं. मी जिंकले.

तरी एक गोष्ट मनाला लागून हाय. तिच्याकडं नीट बघ म्हणलात म्हणून बघून राह्यले. पहाटं उठून ती एकटीच गाडीच्या मागं जाऊन रडती. मी विचारलं तर म्हणती, झोप झाली न्हाई. जावईबापू तंबूत, ही गाडीत. माझ्या मनात आलं, दोघांचं बिनसलं असंल. ही ट्रिप पण जावईबापूनंच काढली म्हणं. बाळंतीण बायकोला जंगलात हिंडवायची काय गरज व्हती? त्यांना दोस्तांबरोबर फिरायचं असंल, म्हणून आपल्याला लेकरू धरायला आणलं. मी अजून काही बोलले न्हाई. सवड सापडली की बोलणार हाय.

परवा इथनं निघून स्वित्झर्लंडला जातो. तिथं पण दगडच.

शिवकन्याची आई

&nbsp;

धावडा
२० एप्रिल

(आत्याबाई, मामंजी सांगतात ते मी दैवशाला लिहून राह्यले. त्यांचे डोळे आलेत म्हणून.)

सौ. गोजरबाईस रामराम.

तू लिहिलंस, जिंकले. कुणाला जिंकलंस ते सांग. पोरीला का?

रामेश्वरच्या वेळची एक गोष्ट आज तुला सांगतो. तुला वाटतं ती मला माहीत न्हाई. सव्वा महिना झाला आन् दुसऱ्या दिवशी तू कुणाला न विचारता मेंढरं सोडलीस. लेकरू पाठीला बांधलं आन् डोंगराकडं निघालीस. आई लय बोलली. मला म्हणली, जा, बायकोला घेऊन ये, असली कसली बाळंतीण. मी तुझ्या मागं गेल्तो. वरच्या टेकाडावर पोचलो तर तू खडकावर पाय सोडून बसल्ती. मेंढरं चरून राह्यली व्हती, रामेश्वर पदराखाली झोपला व्हता आन् तू एकटीच हसत व्हतीस. कशाला हसत व्हतीस ते मला माहीत न्हाई. पण त्याच्या आधी तू महिनाभर हसली नव्हतीस. घरात भिंतीकडं तोंड करून पडून राह्यची. मला भ्या वाटायचं, पण कुणाला सांगता येत नव्हतं.

मी तुला हाक मारली न्हाई. तसाच मागं फिरलो. आईला सांगितलं, सापडली न्हाई.

आता तू म्हण, मेंढरं हे काम हाय आन् दगड हा खेळ हाय. मला त्यातलं कळत न्हाई. पण पोरगी पहाटं उठून रडती म्हणतीस, आन् तिला एक गोष्ट बरी वाटत व्हती ती तू बंद करून टाकली. जावयाला बोलायच्या आधी पोरीला विचार. केशरबाईला काय सांगायचं ते मंग बघू.

दैवशाला, हे शेवटचं लिहू नको, केशरबाईचं. (लिहिलं. आता खोडत न्हाई.)

कडूबा

आत्याबाई, आता हे माझं. मामंजींच्या डोळ्यांना काहीबी झालेलं न्हाई. पुढचं मी सांगणार न्हाई, त्यांनी मला गळ्याची शपथ घातलीय. तुम्ही त्यांनाच विचारा. काळजीचं कारण न्हाई. — दैवशाला

&nbsp;

तिचिनो, स्वित्झर्लंड
२१ एप्रिल

रामेश्वरच्या बापाला,

काय झालंय?

आज फोनावर तुम्ही फक्त तोंड दाखवलं. मी म्हणले, फोन लांब धरा, तर रेंज गेली म्हणालात. रेंज गेल्यावर माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई, तुमचं तर चांगलं ऐकू येत व्हतं. आशाबाई मागं उभी व्हती आन् तिनं पण तोंड फिरवलं. सगळ्या गल्लीला माहीत हाय आन् मला न्हाई.

दुसरं काही लिहू नका. काय झालं तेवढंच लिहा. न्हाई लिहिलं तर मी भेटंल त्या विमानात बसून येते.

गोजरबाई

&nbsp;

धावडा
२२ एप्रिल

गोजर,

डाव्या हातानं लिहितो. अक्षराला हसू नको.

बकऱ्यांना पाला पाडायला कडुलिंबावर चढलो. फांदी वाळकी व्हती. मनगट मोडलं. भोकरदनला नेऊन प्लास्टर केलं. बाकी सगळं शाबूत.

दर साली चढतो, कधी पडलो न्हाई. पण तू खाली उभी राहून बडबड करायची, हिकडं पाय देऊ नका, ती फांदी वाळली, आता उतरा. ह्या डाव खाली कोणी नव्हतं.

येऊ नको. पोरीपाशी राह्य. रामेश्वरनं आता मला लिंबाकडं जायची बंदी केलीय. मला ते बिलकुल आवडलं न्हाई.

हात दुखायला लागला. बास करतो.

कडूबा

&nbsp;

तिचिनो, स्वित्झर्लंड
२८ एप्रिल

आवो,

तुमचं पत्र आलं तवा आम्ही जेवत व्हतो. मी वाचलं आन् ताट बाजूला ठेवलं. शिवकन्या म्हणली, "आई, काय झालं?" मी फोन तिच्या हातात देला. तिनं वाचलं आन् रडायला लागली. मंग मी पण. मातेओ आन् सुमेधा भांडी उचलून नदीकडं निघून गेले.

तुमच्या मनगटासाठी तेवढं रडायची गरज नव्हती. आम्ही दोघी दुसरंच रडून राह्यलो व्हतो, हे थोड्या वेळानं ध्यानात आलं. मंग मी तिला विचारलं, तुम्ही सांगितलं तसं. म्हणले, "जावईबापूचं आन् तुझं काही बिनसलंय का?"

ती बघतच राह्यली. म्हणली, "आई, रामप्रसाद तंबूत का झोपतो माहीत हाय का तुला? मला झोप लागली की छकुलीला उचलून तो तिथं नेतो. ती रडली तर मी उठू नये म्हणून. पहाटं मला पाजायला आणून देतो."

मला खरंच माहीत नव्हतं. मी गाडीत पडल्या पडल्या घोरत असते.

मंग तिनं सगळं सांगितलं. छकुली झाल्यापासून तिला कशातच चव वाटत नव्हती. लेकरावर जीव हाय, पण सकाळी डोळे उघडले की दिवस अंगावर पडल्यासारखा वाटायचा. आरशात बघितलं की कुणी दुसरीच बाई दिसायची. तिकडच्या डॉक्टरीणबाईकडं जाती ती, औषधं पण चालू हायेत. त्या बाईनंच विचारलं, तुला आधी काय केल्यावर बरं वाटायचं? ही म्हणली, दगडावर चढल्यावर. जावईबापूनं त्याच दिवशी सुमेधाला आन् मातेओला फोन केले. आन् मला इकडं बोलवायचं पण त्यांनीच ठरवलं. म्हणले, आई जवळ असली की तुला धीर येईल.

एवढा धीर देला मी तिला.

म्हणले, "मला आधी का न्हाई सांगितलंस?" ती म्हणली, "तू दोन लेकरं वाढवलीस, मेंढरं राखलीस, तुला कधी असं झालं न्हाई. तुला काय सांगू?"

तवा मी तिला दैवशालाच्या अक्षरातलं तुमचं पत्र वाचायला देलं. टेकाडावरचं. तिनं ते दोन डाव वाचलं. मंग विचारलं, "तू कशाला हसत व्हतीस?" मी म्हणले, आठवत न्हाई. खरं तर आठवतं. पाठीवरनं लेकरू खाली घेतलं आन् एकदम अंग हलकं झालं, एवढंच. तुम्ही मागं आल्ते हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्या आईला खोटं बोललात ते पण नव्हतं. त्याच्यावर मी घरी आल्यावर बोलंन, कागदावर न्हाई.

दुसऱ्या दिवशी सगळे दगडाकडं निघाले. इथला डोंगर लय उभा हाय, रस्ता त्याच्या पोटातनं आला. खाली नदी, बाजूला जुनी झाडं, आन् मधी करडे दगड, जसे कुणी वरनं टाकून देल्यासारखे. मी शिवकन्याची बुटाची पिशवी माझ्या खांद्याला लावली. ती म्हणली, "आई, राहू दे." मी म्हणले, "घाल." ती म्हणली, "मंग तू लांब बस, बघू नको." मी म्हणले, "न्हाई, मी खाली उभी राहणार."

मातेओनं मला शिकवलं. पडणाऱ्या माणसाला झेलायचं नसतं, नुसतं वळवायचं, म्हणजे डोकं वाचतं आन् माणूस गादीवर जातो. बोटं फाकवायची न्हाईत, अंगठे आत घ्यायचे, हात चमच्यासारखे वर धरायचे. मी पदर खोचला आन् चमचे धरून उभी राह्यले. दुसऱ्या बाजूला सुमेधा. छकुली जावईबापूच्या छातीला बांधलेली.

पहिल्या डावाला ती चार हात वर गेली आन् सुटली. मी हात लावला, पण मीच तिच्याबरोबर गादीवर गेले. दोघी आडव्या. ती म्हणली, "आई, लागलं का?" मी म्हणले, "तुला लागलं का?" दोघींनी एकदमच विचारलं. मंग ती हसली. टेकाडावर मला हसताना बघून तुम्हाला काय वाटलं असंल, ते मला तवा समजलं. मी पण तिला काही बोलले न्हाई. उठले आन् परत हात वर केले.

अजून दोन डाव पडली. मला तिथलं काही कळत न्हाई, कुठं पाय द्यावा आन् कुठं हात. मी नुसतं म्हणत व्हते, हाय मी, हाय मी. चौथ्या डावाला ती वरच्या काठाला लोंबकळली. पाय हवेत. मी चमचे आणखी वर धरले. तिनं एक पाय उचलून हाताच्या बाजूला टेकवला, पोट दगडाला घासलं आन् दिसेनाशी झाली. वरनं काहीच आवाज आला न्हाई. मी हाका मारल्या. थोड्या वेळानं तिचं तोंड दिसलं. म्हणली, "आई, मागनं वाट हाय. छकुलीला घेऊन ये."

मातेओनं हात देला, मी मागच्या बाजूनं गेले. वर चटई टाकायला जागा हाय एवढी. समोर डोंगरावर बर्फ. छकुलीची भुकेची वेळ झाल्ती, शिवकन्यानं तिथंच पाजायला घेतलं. वारा लय व्हता, मी पदर सोडून दोघींच्या आडवा धरला. तिच्या हाताची सालटी निघाल्ती, पण तोंड बघत राहावं असं. खालची मंडळी दुसरीकडं तोंड करून बसली व्हती.

ती म्हणली, "आई, तुला भ्या वाटलं का?"

मी म्हणले, "लय."

"मंग उभी कशी राह्यलीस?"

मी म्हणले, "लांब बसले व्हते तवा जास्त वाटत व्हतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. आमच्या दोघींच्या मनात एकच आलं असंल, तुमच्या लिंबाखाली कोणी नव्हतं ते.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. विचारलं, सूनबाई अजून चढती का. मी म्हणले, चढती, आज चढली, मी खाली उभी व्हते.  मंग म्हणल्या, "पडली तर न्हाई ना?" मी म्हणले, पडली, म्हणूनच उभी व्हते. जावईबापू बाजूला छकुलीला ढेकर काढून राह्यले व्हते, त्यांनी फोन घेतला आन् आईला समजावत लांब चालत गेले. मी त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं ते तिकडच्या फोनातनं पुसून टाका. दैवशालाला पण सांगा.

त्यांनी आता कामावरनं लांब सुट्टी घेतलीय, लेकरासाठी तिकडं बापाला भेटती. जेवताना शिवकन्या मला म्हणली, "आई, तुझं तिकीट जूनचं हाय. पण तुला बाबाकडं जायचंय का?"

मी आधी न्हाई म्हणले. मंग हो म्हणले.

१२ मेला मुंबईत उतरते. रामेश्वरला घ्यायला पाठवा. तुम्ही प्लास्टर घेऊन उन्हातान्हाचं एवढ्या लांब येऊ नका.

आलात तर पुढच्या सीटवर बसा. मागच्यावर हाताला झटके बसतात.

तुमची,
गोजर